शिकवणाऱ्या रुग्णालयात कुशल सर्जन टिकवून ठेवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिष्ठाते, विभागप्रमुख, प्रशासकीय अधिकारी आणि स्वतः सर्जन यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत प्रश्न आहेत, अवघड अपवाद नंतर. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सर्जन सोडून जातात ते शेवटी पैशासाठीच ना? मग बाकीच्या गोष्टींवर वेळ कशाला घालवायचा?

पैशाचा फरक खरा आहे. बाहेरच्या मिळकतीशी बरोबरी करणे बहुतेक शिकवणाऱ्या संस्थांना जमत नाही. पण हा फरक माणूस नोकरीवर रुजू झाला त्या दिवशीही होता आणि तो ठाऊक असूनच तो आला होता. म्हणून विचारायचे ते हे, की मधल्या काळात काय बदलले? ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) दिवस कमी झाले, लावलेल्या केस रद्द होत राहिल्या, मागितलेले साहित्य दोन वर्षे आले नाही, बढती अडकली, विभागप्रमुखांशी बिनसले. यातले दोन-तीन एकत्र आले की बाहेरचा पगार एकदम मोठा दिसू लागतो.

राजीनाम्यावर ‘वैयक्तिक कारण’ असे लिहिलेले असते. निघतानाच्या मुलाखतीतही माणूस सभ्य कारण देतो, कारण पुढे शिफारसपत्र लागणार असते. खरे कारण हवे असेल तर दोन गोष्टी करा. त्याच्या शेवटच्या वर्षाची ओटीची नोंदवही काढा आणि किती केस लागल्या, किती झाल्या, किती रद्द झाल्या आणि का, ते मोजा. आणि तो गेल्यावर सहा महिन्यांनी विभागाबाहेरच्या कुणाला तरी त्याच्याशी बोलायला सांगा. तोवर नवे ठिकाण अंगवळणी पडलेले असते आणि माणूस मोकळेपणाने बोलतो.

२. गळती जास्त आहे की नेहमीसारखी, हे कसे ठरवायचे?

साधे सूत्र असे : वर्षभरात सोडून गेलेल्यांची संख्या भागिले त्या वर्षातली सरासरी संख्या, गुणिले १००. पण आठ सर्जनांच्या विभागात एक गेला की आकडा १२.५ टक्के होतो आणि पुढच्या वर्षी शून्य. अशा लहान संख्येवरून काहीच कळत नाही. त्यापेक्षा पाच वर्षांपूर्वी रुजू झालेल्यांपैकी आज किती उरले, हे पाहा. निवृत्ती, संस्थेनेच मुदत न वाढवणे आणि स्वतःहून सोडणे, या तीन रकान्यांची सरमिसळ करू नका.

चौथा रकाना कुणी ठेवत नाही, पण तोच सर्वांत आधी धोका सांगतो : हजेरीपटावर आहेत, पण मनाने गेलेले. त्यांच्या अवघड केस कमी होतात, ते सभांना येणे सोडतात, नवा प्रबंध-विद्यार्थी घेत नाहीत, रजा तुकड्या-तुकड्यांनी काढतात.

३. एक गेला तर दुसरा घेऊ. जागा भरली की नुकसान भरून निघत नाही का?

जागा भरते, कौशल्य तितक्या लवकर भरत नाही. याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हृदयशस्त्रक्रियांवरच्या अभ्यासात आहे. हकमन आणि पिसानो यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. एकच सर्जन एकाहून अधिक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करत होता, तेव्हा ज्या रुग्णालयात त्याच्या केस वाढल्या तिथले निकाल सुधारले. दुसऱ्या रुग्णालयातल्या अनुभवाचा तसा फायदा इथे झाला नाही. म्हणजे हाताचे कौशल्य भूलतज्ज्ञ, स्क्रब सिस्टर (शस्त्रक्रियेत हत्यारे हाती देणारी परिचारिका), आयसीयू आणि उपकरणे यांच्याशी बांधलेले असते. बाहेरून आलेला उत्तम सर्जनही तुमच्या ओटीत काही काळ नवाच असतो.

दुसरे नुकसान ड्युटीच्या तक्त्यात दिसते. सहा जण आळीपाळीने रात्रीची ऑन-कॉल (बोलावताच हजर राहण्याची ड्युटी) करत असतील, तर ३० दिवसांत प्रत्येकाला ५ रात्री येतात. एक गेला की ६. दोघे गेले की साडेसात. उरलेल्यांपैकी जो आधीच कुंपणावर होता, तो या साडेसातमुळे निघतो. गळती एकेकट्याने होत नाही ती यामुळेच, आणि म्हणून पहिला राजीनामा आला की उरलेल्यांच्या रात्री त्याच आठवड्यात मोजायला घ्या.

तिसरे नुकसान शिक्षणाचे. एखादी शस्त्रक्रिया करणारा एकच माणूस असेल तर तो जाताच रेसिडेंटच्या (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरच्या) लॉगबुकमधून ती शस्त्रक्रिया गायब होते, आणि पुढच्या दोन-तीन तुकड्या ती न पाहताच बाहेर पडतात.

४. टिकवण्यासाठी एकच गोष्ट करता येणार असेल तर कोणती?

ओटीचा वेळ सांभाळा. सर्जन सर्जन झाला तो शस्त्रक्रिया करण्यासाठी. तयार रुग्ण, तयार हात आणि बंद ओटी हे समीकरण आठवड्यामागून आठवडे सहन करावे लागले, तर चांगलाच माणूस आधी जातो, कारण त्याला बाहेर मागणी असते.

वेळ कुठे जातो ते एका साध्या हिशेबाने पाहा. सकाळी ८ ते दुपारी ४, म्हणजे ४८० मिनिटांची लिस्ट (दिवसभरासाठी लावलेल्या केस). प्रत्येकी १२० मिनिटांच्या तीन केस, मध्ये दोनदा ओटी साफ करून मांडायला प्रत्येक वेळी ३० मिनिटे. एकूण ४२० मिनिटे. कागदावर तासभर शिल्लक आहे. आता पहिली केस ४५ मिनिटे उशिरा सुरू झाली आणि दोन केसमधला वेळ ३० ऐवजी ५० मिनिटे लागला, तर तिसरी केस ३ ऐवजी ४.२५ ला संपणार. ड्युटी चारला बदलते, म्हणून ती केस रद्द होते. २५ मिनिटांच्या अडचणीने १२० मिनिटांची केस गेली. हे आठवड्यातून एकदा घडले तरी वर्षाला पन्नासच्या घरात केस जातात, आणि तेवढेच उपाशी ठेवलेले रुग्ण वॉर्डात परत जातात. त्यांच्या नातेवाइकांना तोंड द्यायला सर्जनच उभा असतो.

उपायाची सुरुवात नोंदीपासून करा. प्रत्येक केसच्या चार वेळा लिहा : रुग्ण ओटीत आला, भूल पूर्ण झाली, चीर दिली, रुग्ण बाहेर गेला. महिनाभरात उशीर कुठे साचतो ते कळते. बहुधा कारणे ठरलेली असतात. संमतिपत्र अपुरे, रक्ताची सोय झालेली नाही, वॉर्डातून रुग्ण आणायला माणूस नाही, निर्जंतुक संच परत आलेला नाही, आयसीयूत खाट नाही, भूलपूर्व तपासणीत राहिलेला एखादा अहवाल सकाळी आठवतो.

मग नियम करा आणि ते पाळा :

- उद्याची लिस्ट आदल्या दिवशी दुपारी ठरावीक वेळेला बंद. नंतरचा बदल फक्त एका ठरलेल्या व्यक्तीच्या सहीने.
- संमती, रक्त, आयसीयूची खाट आणि विशेष साहित्य या चार गोष्टी नक्की असल्याशिवाय केस पहिल्या क्रमांकावर लागणार नाही.
- इमर्जन्सीसाठी वेगळे टेबल. ते नसेल तर दिवसाचा काही भाग राखीव. एरवी प्रत्येक इमर्जन्सी कुणाची तरी ठरलेली लिस्ट मोडते, आणि बहुतेक वेळा ती कनिष्ठ सर्जनची असते.
- ज्याला आपला दिवस वापरायचा नाही, त्याने आठवडाभर आधी सोडायचा. सोडलेला दिवस आळीपाळीने इतरांना, ओळखीने नाही.
- रद्द झालेली केस पुढच्या लिस्टमध्ये वरच्या क्रमांकावर.

एक धोक्याचा इशारा. ‘ओटी किती टक्के वापरली’ हा एकच आकडा धरून मागे लागलात तर लिस्ट ठासून भरल्या जातील आणि रद्द होण्याचे प्रमाण उलट वाढेल. वापराचा आणि रद्द झालेल्या केसचा आकडा नेहमी शेजारी-शेजारी ठेवा.

५. स्क्रब सिस्टर आणि भूलतज्ज्ञ दर आठवड्याला बदलतात. सर्जनने तक्रार केली की त्याला ‘नखरेल’ म्हणतात. खरेच इतका फरक पडतो का?

पडतो, कारण प्रश्न ३ मध्ये आहे. पूर्ण स्थिर टीम शक्य नसेल तर निदान अवघड शस्त्रक्रियांसाठी दोन-तीन सिस्टर आणि दोन भूलतज्ज्ञ ठरवून ठेवा आणि त्यांची बदली एका वेळी एकाचीच करा. नव्या सिस्टरला जुनीसोबत काही केस दुसऱ्या क्रमांकावर उभे राहू द्या. प्रत्येक सर्जनचे पसंतीपत्रक, म्हणजे कोणते धागे, कोणते रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारी हत्यारे), रुग्णाची स्थिती कशी, हे ओटीत लावलेले असावे आणि दर सहा महिन्यांनी दुरुस्त व्हावे.

६. रेसिडेंटला शिकवत केस केली की वेळ जास्त लागतो, आणि मग ‘केस कमी करता’ म्हणून ऐकावे लागते. यातून मार्ग काय?

ही तक्रार रास्त आहे, आणि शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या मुळावर येणारी आहे. जिथे फक्त केसची संख्या मोजतात, तिथे शिकवणे पहिल्यांदा मरते. सर्जन सुरी हातात ठेवतो आणि रेसिडेंट रिट्रॅक्टर धरून उभा राहतो.

लिस्ट लावतानाच कोणती केस शिकवण्याची, ते लिहा आणि तिला जास्त वेळ द्या. तीन केसची लिस्ट असेल तर शिकवण्याच्या दिवशी दोन. रेसिडेंट कोणत्या पायरीवर आहे तेही लिहा. यासाठी झ्विश मोजपट्टी उपयोगी आहे. तिच्या चार पायऱ्या आहेत : दाखवणे आणि समजावणे, सक्रिय मदत, मागे राहून मदत, आणि फक्त देखरेख. केसआधी दोन मिनिटांत पायरी ठरवायची, केसनंतर दोन मिनिटांत ती जमली का ते बोलायचे. वर्षअखेरीस सर्जनच्या मूल्यमापनात ‘किती केस केल्या’ याच्या शेजारी ‘किती केस तिसऱ्या-चौथ्या पायरीवर करू दिल्या’ हा आकडा येऊ द्या. शिकवण्याची आवड आहे म्हणूनच जे इथे थांबले आहेत, त्यांना या एका रकान्याने मोठा आधार मिळतो.

७. पगाराची कोणती पद्धत सर्जन टिकवते? ठरावीक पगार की केसमागे मोबदला?

दोन्हींचे तोटे आधी समजून घ्या. निव्वळ ठरावीक पगारात जास्त काम करणाऱ्याला आपण फसलो असे वाटू लागते. निव्वळ केसमागे मोबदल्यात सोप्या, भराभर होणाऱ्या केससाठी चढाओढ लागते, तर अवघड, लांबलेल्या आणि शिकवण्याच्या केस कुणालाच नको असतात. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने १९९२ पासून डॉक्टरांच्या कामाला सापेक्ष मूल्याची एकके लावली, म्हणजे प्रत्येक कामाला त्याच्या भारानुसार गुण दिले, आणि पुढे अनेक रुग्णालयांनी पगारही त्यांनाच जोडले. त्या एककांत शिकवणे, संशोधन आणि सभा यांना जागा नाही. ती वेगळी द्यावी लागते. याउलट मेयो क्लिनिक आणि क्लीव्हलँड क्लिनिक या नामवंत संस्थांत डॉक्टर पगारावर असतात. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये करार एकेका वर्षाचे आणि दर वर्षी कामाचा आढावा, अशी पद्धत आहे. ठरावीक पगारावर चांगले सर्जन राहतच नाहीत, हा समज त्यामुळे खरा मानता येत नाही.

आमचा सल्ला : मोठा भाग ठरावीक ठेवा. रात्रीच्या ऑन-कॉलचा मोबदला वेगळा आणि प्रत्येक रात्रीनुसार द्या, कारण रात्र ही रात्रच असते, पद कोणतेही असो. उरलेला लहान भाग कामाशी जोडा आणि त्यातही काही वाटा पूर्ण युनिटचा ठेवा, म्हणजे अवघड केस एकमेकांवर ढकलल्या जाणार नाहीत. सूत्र सर्वांना माहीत असले पाहिजे. गुप्त सूत्राचा पैसा कितीही असो, तो संशयच वाढवतो.

एकरकमी ‘थांबण्याचा बोनस’ सावधपणे द्या. तीन वर्षे थांबलात तर रक्कम मिळेल असे ठरले, की तिसरे वर्ष संपताच राजीनामे येतात. द्यायचाच असेल तर दर वर्षी थोडा आणि वाढत जाणारा.

८. बंधपत्राने, म्हणजे ठरावीक वर्षे सेवा करण्याच्या लेखी बांधिलकीने, प्रश्न सुटत नाही का?

बंधपत्र माणसाला तारखेपर्यंत थांबवते. मुदत संपल्यावर तो थांबेल की नाही, हे त्या मुदतीत त्याला काय मिळाले यावर ठरते. सक्तीची वर्षे नुसती ओपीडी आणि कागदपत्रांत गेली, तर शेवटच्या दिवशी सामान बांधलेले असते. त्याच काळात त्याला आठवड्याचा स्वतःचा ओटी दिवस आणि एक मार्गदर्शक दिला, तर काही जण आपणहून राहतात.

अपवाद : संस्थेने खर्च करून एखाद्याला विशेष प्रशिक्षणासाठी पाठवले असेल तर बंधपत्र न्याय्य आहे. त्यात तीन गोष्टी हव्यात. मुदत प्रशिक्षणाच्या प्रमाणात असावी, परतफेडीची रक्कम सेवेच्या महिन्यांनुसार कमी होत जावी, आणि परत आल्यावर लागणारी उपकरणे व ओटीचे दिवस संस्था देईल हे त्याच कागदावर लिहिलेले असावे. नवे तंत्र शिकून आलेल्या माणसाला दोन वर्षे उपकरण मिळाले नाही, तर त्याचे कौशल्य गंजते आणि तो जातो. हे टाळता येण्यासारखे नुकसान आहे.

९. खाजगी प्रॅक्टिसची परवानगी द्यावी का?

जिथे कायदा आणि सेवानियम परवानगी देतात, तिथेच हा प्रश्न उरतो. परवानगी द्यायचीच असेल तर रुग्णालयाच्या आवारातच, ठरलेल्या वेळेनंतर, संस्थेच्याच बिलाने देणे आम्हाला बरे वाटते. सर्जन जवळ राहतो, सकाळच्या रुग्णाला गुंतागुंत झाली तर दहा मिनिटांत येतो, आणि संस्थेलाही वाटा मिळतो.

बाहेरच्या प्रॅक्टिसमध्ये नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी अशा : संस्थेतला रुग्ण तिकडे वळवला जातो, शस्त्रक्रियेनंतरची देखभाल एकट्या रेसिडेंटवर पडते, आणि सवलत ज्येष्ठांना मिळून कनिष्ठ ड्युटी भरत बसतात. म्हणून वेळ, जागा आणि केसची संख्या लेखी जाहीर करणे, रुग्ण वळवल्यास ठरलेली कारवाई, आणि ऑन-कॉलच्या दिवशी बाहेर काम पूर्ण बंद, एवढे तरी हवे. नियम सर्व पदांना सारखाच लागू करा.

१०. तरुण सर्जन दोन-तीन वर्षांतच जातात. सुरुवातीला नेमके काय द्यायला हवे?

नेमणुकीच्या पत्रात पगार आणि पद असते. त्याला जे खरे हवे असते ते नसते. रुजू होण्याआधीच एका पानावर लिहून द्या : आठवड्यातले ओटीचे दिवस, स्वतःची ओपीडी, महिन्यातल्या ऑन-कॉल रात्री, पहिल्या वर्षात येणारी उपकरणे, आणि मार्गदर्शकाचे नाव. मार्गदर्शक विभागप्रमुख नसावा, कारण ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे त्याच्यापुढे कुणी आपली अडचण उघड करत नाही.

पहिल्या वर्षातली भीती सांगितली जात नाही, पण असते. पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर अवघड पोट उघडताना मागे कुणीतरी हवे. कोणत्या प्रकारच्या केसमध्ये ज्येष्ठ सोबत हात धुऊन उभा राहील आणि कोणत्यात तो फोनवर असेल, हे ठरवून ठेवा. आणि रात्री दोनला फोन केला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी हसणार नाही, याची खात्री विभागप्रमुखांनी द्यायची आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःचे क्षेत्र. पाच सर्जन एकेक दुर्मीळ शस्त्रक्रिया वर्षातून दोनदा करत असतील तर कुणाचाच हात बसत नाही. अमेरिकेतल्या मेडिकेअर रुग्णांवरच्या २००३ मधल्या मोठ्या अभ्यासात हृदय-रक्तवाहिन्या आणि कर्करोगाच्या आठ शस्त्रक्रिया तपासल्या होत्या. त्यात जास्त केस करणाऱ्या सर्जनांचे मृत्युप्रमाण कमी आढळले. म्हणून एक विषय एकाला, सोबत दुसरा तयार होणारा. रुग्णाचे भले होते आणि तरुणाला थांबायला कारण मिळते.

११. मधल्या वयातले अनुभवी सर्जन बढतीसाठी शोधनिबंधांत अडकतात. हात उत्तम, पण निबंध नाहीत. काय करावे?

नियम परवानगी देतील तिथे बढतीची दुसरी वाट करा : शिकवणे आणि रुग्णसेवा हाच निकष. त्यात रेसिडेंटचे अभिप्राय, केसचे निकाल, बसवलेली नवी सेवा, तयार केलेला अभ्यासक्रम असे मोजता येणारे पुरावे ठेवा, म्हणजे ती मागच्या दाराची बढती ठरणार नाही. नियम बदलता येत नसेल तर निबंधाचे काम वाटून घ्या : माहिती गोळा करणारा एक सहायक आणि संख्याशास्त्रज्ञाचे महिन्यातून काही तास, एवढ्याने बरेच हलते.

आवडीच्या कामासाठी वेळ राखणे हा इथला दुसरा उपाय. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शानाफेल्ट यांच्या अभ्यासात, जे डॉक्टर आपल्याला सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामाला किमान २० टक्के वेळ देत होते, त्यांच्यात थकवा आणि उबग २९.९ टक्के होता. त्याहून कमी वेळ मिळणाऱ्यांत ५३.८ टक्के. अभ्यास मेडिसिन विभागाच्या (इंटर्नल मेडिसिन) प्राध्यापकांवर होता, सर्जनवर नाही, आणि त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण आठवड्यातला एक दिवस देऊन पाहण्याइतका फरक नक्कीच मोठा आहे.

१२. रेसिडेंटच्या कामाचे तास कमी झाले, पण ते काम आमच्यावर आले. हे कुणी मोजते का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि मोजायला हवे. अमेरिकेत २००३ पासून रेसिडेंटसाठी आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आली. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेच्या निर्देशात सरासरी ४८ तास आहेत. रेसिडेंटना विश्रांती मिळणे योग्यच आहे. पण काम नाहीसे होत नाही. रात्रीच्या नोंदी, वॉर्डातले फोन, ड्रेसिंग हे सगळे कनिष्ठ प्राध्यापकाकडे सरकते. उपाय रेसिडेंटचे तास वाढवण्यात नाही. ज्या कामाला डॉक्टर लागत नाही ते आधी बाजूला काढा : अहवाल आणणे, खाट शोधणे, विम्याचे अर्ज, फोनवरच्या भेटी. सर्जनला एका आठवड्यात अशी किती कामे करावी लागतात ते लिहायला लावा. यादी वाचल्यावर कारकून आणि सहायकाची मागणी मांडणे सोपे जाते.

रात्र जागून काढल्यावर दुसऱ्या दिवशीची मोठी लिस्ट लावू नका. ऑन-कॉलनंतरचा दिवस तक्त्यातच हलका ठेवा, मागून मिळणाऱ्या सवलतीवर सोडू नका.

१३. थकवा आणि उबग मोजायचा कसा? विचारले की सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात.

मास्लाक यांची प्रश्नावली १९८१ पासून वापरात आहे आणि ती तीन बाजू पाहते : भावनिक थकवा, रुग्णांविषयी कोरडेपणा, आणि आपण काही साध्य केले ही भावना. निनावी भरून घ्या. विभाग लहान असेल तर पाचपेक्षा कमी जणांचा निकाल वेगळा छापू नका, कारण लगेच ओळख पटते. आणि निकाल आल्यावर महिन्याभरात एक तरी दिसणारी गोष्ट बदला. नाहीतर पुढच्या वेळी कुणी खरे लिहिणार नाही.

प्रश्नावलीत थेट वरिष्ठाविषयीही विचारा. मेयो क्लिनिकमधल्या २०१५ च्या अभ्यासात वरिष्ठाच्या नेतृत्वाचे गुण एका अंकाने वाढले की डॉक्टरांमधल्या उबगाची शक्यता ३.३ टक्क्यांनी कमी आढळली.

१४. टेबलावर रुग्ण गेला किंवा मोठी चूक झाली, त्यानंतर चांगला सर्जन कोसळतो. संस्थेने काय करावे?

अशा डॉक्टरला अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ‘दुसरा बळी’ म्हटले. पहिला बळी रुग्ण आणि त्याचे कुटुंब, हे विसरायचे नाही. पण दुसऱ्याला एकटे सोडले तर तो अवघड केस टाळू लागतो, आणि वर्षभरात जातो.

त्याच दिवशी एक ज्येष्ठ सहकारी त्याच्याशी बोलायला जाईल, चौकशीला नाही. नातेवाइकांशी बोलताना तो एकटा असणार नाही. सोबत ज्येष्ठ आणि सुरक्षा दोन्ही. दुसऱ्या दिवशीची लिस्ट करायची की नाही, हे त्याला विचारून ठरवा आणि नको म्हणाला तर कारण विचारू नका. कायद्याची मदत संस्थेकडून, पहिल्या नोटिशीपासून. मृत्यू आणि गुंतागुंतीच्या आढावा बैठकीत प्रश्न ‘काय झाले आणि का’ असा असावा. शिस्तभंगाची चौकशी पूर्णपणे वेगळ्या समितीकडे. दोन्ही एकत्र झाल्या की पुढच्या आढावा बैठकीत खरी माहिती कुणी मांडत नाही.

१५. महिला सर्जन मातृत्वानंतर परत येत नाहीत. खरी अडचण कुठे असते?

रजेत क्वचित, परत आल्यावर बहुधा. रजेच्या काळात तिचे ओटीचे दिवस दुसऱ्याला दिले जातात आणि परत आल्यावर ते ‘आता त्याच्याकडे आहेत’ असे सांगितले जाते. म्हणून तात्पुरते दिलेले दिवस कोणत्या तारखेला परत मिळतील, ते रजेवर जाण्यापूर्वीच लिहा. पहिले दोन-तीन महिने रात्री कमी, केस हळूहळू वाढत्या.

गरोदरपणात एक्स-रेखाली शस्त्रक्रिया असेल, तर आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या शिफारशीनुसार गर्भारपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी अतिरिक्त मात्रा १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नको. त्यासाठी शिशाच्या एप्रनच्या आत, कमरेपाशी वेगळा मात्रामापक लावतात. आणखी एक छोटी वाटणारी गोष्ट : लहान मापाचे हातमोजे, लहान हाताला धरता येतील अशी स्टेपलरसारखी उपकरणे आणि उंची बदलता येणारे टेबल. ही नसतील तर रोज मनगट आणि खांदा दुखतो, आणि हे पुरुष सर्जनांतल्या लहान चणीच्या माणसांनाही लागू आहे.

१६. हात अप्रतिम, पण वागणे असह्य. असा सर्जन टिकवावा का?

त्याच्या युनिटमधून पाच वर्षांत किती सिस्टर, भूलतज्ज्ञ, रेसिडेंट आणि कनिष्ठ सर्जन गेले ते मोजा. एक टिकवण्यासाठी चार गमावत असाल तर हिशेब स्पष्ट आहे. तक्रारी तारीख आणि साक्षीदारांसह नोंदवा, लेखी समज द्या, सुधारण्याची मुदत ठरवा, आणि मुदत पाळा. त्याच्या केस जास्त आहेत म्हणून मुदत वाढवली, की बाकीच्यांना संस्थेचे उत्तर कळलेले असते.

१७. वय झालेल्या सर्जनचा हात आता तितका स्थिर नाही, पण त्यांची समज कुणाकडे नाही. त्यांना कसे ठेवायचे?

नुसत्या वयावरून निर्णय घेऊ नका. रुग्णांची गंभीरता लक्षात घेऊन निकाल पाहा, आणि विश्वासातला सहकारी काही केसमध्ये सोबत उभा राहू द्या. उतार दिसला तर भूमिका बदला : मुख्य सर्जनऐवजी पहिला सहायक, अवघड केसच्या आदल्या दिवशीची चर्चा, आढावा बैठकीचे अध्यक्षपद, रेसिडेंटना टाके आणि जोडण्या शिकवण्याचा वर्ग. रात्रीच्या ऑन-कॉलमधून सूट देणार असाल तर त्या रात्री कुणावर पडतील आणि त्यांना काय मोबदला मिळेल (प्रश्न ७), ते त्याच आदेशात लिहा. ही चर्चा उतार दिसण्याच्या कितीतरी आधी, सर्वांसाठी एकच धोरण म्हणून झाली पाहिजे. एखाद्याला बोलावून सुरू केली तर तो अपमान ठरतो.

१८. राजीनामा हातात आला आहे. आता जास्त पगार देऊ करावा का?

आधी ऐका. कारण ओटी, टीम किंवा वरिष्ठ असेल तर पगार वाढवून तो काही महिने थांबेल आणि मग जाईल. शिवाय राजीनामा दिल्यावरच संस्था हलते, हे बाकीच्यांना समजते. जे देऊ करणार आहात ते त्याच पातळीवरच्या इतरांनाही देता येत नसेल, तर देऊ नका.

जाणारच असेल तर त्याला नीट जाऊ द्या. शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या रुग्णांची यादी नावानिशी दुसऱ्याकडे सोपवा, प्रबंधाचे विद्यार्थी वाटून द्या, शेवटच्या आठवड्यांत त्याच्या खास केसमध्ये उत्तराधिकाऱ्याला उभे करा. मानद व्याख्याता म्हणून नाते ठेवा. काही जण बाहेरचे जग पाहून परत येतात, आणि ज्या संस्थेने जाताना अडवणूक केली तिच्याकडे कुणी परत येत नाही.

१९. आमच्याकडे जादा पैसा नाही, अधिकारही थोडे. विभागप्रमुख म्हणून तीन महिन्यांत काय करू शकतो?

पहिला महिना : प्रश्न ४ मधल्या चार वेळा नोंदवायला सुरुवात करा आणि प्रत्येक सर्जनशी अर्धा तास एकट्याने बसा. पाच प्रश्न पुरतात. इथे कोणते काम करताना बरे वाटते? गेल्या महिन्यात कशाने वैताग आला? कोणते एक साहित्य किंवा माणूस मिळाला तर काम सोपे होईल? काय शिकायचे आहे? गेल्या वर्षी सोडण्याचा विचार आला होता का, आणि कशामुळे? लिहून घ्या, वाद घालू नका.

दुसरा महिना : आलेल्या यादीतल्या ज्या गोष्टींना कुणाची परवानगी लागत नाही, त्या उरका. ओटीचे सोडलेले दिवस वाटण्याची पद्धत, पसंतीपत्रके, ऑन-कॉलचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावणे, ऑन-कॉलनंतरचा हलका दिवस, नको असलेल्या दोन सभा बंद. यांतल्या कशालाच निधी लागत नाही.

तिसरा महिना : नोंदींचा तक्ता घेऊन अधिष्ठात्यांकडे जा. ‘सर्जन नाराज आहेत’ असे सांगू नका. ‘गेल्या दोन महिन्यांत इतक्या केस निर्जंतुक संच न मिळाल्याने रद्द झाल्या, आणखी दोन संच घेतले तर त्या होतील’ असे सांगा. मागणी एका वेळी एकच ठेवा. आणि ज्यांनी ती सुचवली होती त्या प्रत्येकाला, मंजूर झाली किंवा नामंजूर झाली, त्याच आठवड्यात स्वतः कळवा.